पंगतीतला नमुना

मागच्या रविवारी अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात, ४४ अंशांच्या उन्हात, मी कागदावर १५०० माणसं जेवू घातली. त्यातली निम्मी गावात नव्हतीच.

गेलो होतो जावई म्हणून. बायकोच्या चुलत बहिणीचं लग्न. आमच्या खानदेशात लग्नात जावयाला काम नसतं. पंख्याखालची खुर्ची धरायची, टोपी-उपरणं आलं की मान पुढे करायची आणि कुस्करलेल्या बट्टीवर कोणी तूप ओतायला लागलं की "बास, बास" म्हणायचं, पण ताट मागे घ्यायचं नाही. खुर्ची धरून झाली होती. तेवढ्यात आप्पा आले. आप्पा म्हणजे नवरीचे वडील, माझे चुलत सासरे.

"पाव्हना, तुम्ही ते आकडासनं शिकेल शेतस ना?"

"संख्याशास्त्र, आप्पा. एम.एस्सी."

"तेच ते. मंग जरा पानं मोजी द्या."

भानगड अशी होती. केटरिंगचा ठेका पानावर, पानामागे १६० रुपये. आवतन दिलेलं चूलबंद, म्हणजे कुठल्या घरातून किती येणार ते त्या चुलीलाच ठाऊक. केटरिंगवाला सकाळपासून "नऊशेला कमी नाही" म्हणत होता आणि आप्पा "सातशेना वर एक नही" म्हणत होते. पत्रावळी मोजाव्यात, तर पहिल्या दोन पंगतींच्या उकिरड्यावर गेलेल्या आणि तिथे बकऱ्या पुरावा खात उभ्या. थोडक्यात, तटस्थ, शिकलेला आणि फुकटचा माणूस हवा होता.

अशा वेळी शहाणा माणूस पंगतीच्या टोकाला उभा राहतो. एका ओळीत चाळीस, ओळी तीन, असं मांडत जातो. चौथीतलं पोरगंही करील. पण चौथीतल्या पोराला आमचे सर शिकवायला नव्हते.

आमचा विद्यापीठातला विभाग म्हणायला गणिताचा. संख्याशास्त्र त्या घरात धाकट्या जावेसारखं नांदायचं : राबणं सगळं, कपाट एक. गणितवाले प्राध्यापक एक खडू घेऊन यायचे आणि अनंतापर्यंत जाऊन तासाच्या ठोक्याला परत यायचे. आम्हाला मात्र कॅल्क्युलेटर लागायचे, तक्त्यांची पुस्तकं लागायची आणि सरांचा पत्र्याचा डबा लागायचा. डब्यात दादर. बाहेरच्यांसाठी सांगतो, दादर म्हणजे आमची रब्बीची ज्वारी, जिच्या भाकरीसाठी पुण्यात गेलेली पोरं रडतात.

प्रात्यक्षिक असं, की डब्यातून १०० दाणे काढायचे, लाल शाईत बुडवून वाळवायचे, परत डब्यात टाकून डबा हलवायचा. मग एक मूठ काढायची. मुठीत एकूण किती आणि लाल किती, यावरून डब्यात सगळे मिळून दाणे किती ते सांगायचं. साधं त्रैराशिक. पीटरसन नावाच्या डॅनिश माणसानं १८९६ साली समुद्रातल्या माशांना खुणा करून सोडलं, ते हेच. लाप्लास या फ्रेंच गणितज्ञानं त्याच्याही कितीतरी आधी असल्याच त्रैराशिकानं फ्रान्सची लोकसंख्या काढली होती. सर सांगायला लागले की फ्रान्स धरणगावच्या पुढचं स्टेशन वाटायचं.

टोपोलॉजी या गणिताच्या शाखेचे सर येता-जाता दारातून डोकवायचे आणि आम्हाला दाणे मोजताना बघून विचारायचे, "दळण निवडताय?" दोन वर्षं हा एकच विनोद. आमचे सर कधी उत्तर देत नसत. एकदाच म्हणाले, "हो. पीठ झालं की तुमच्याकडे सिद्धता मळायला पाठवतो." त्यानंतर आठवडाभर दोन्ही सरांचा चहा वेगवेगळा येत होता. शिपाईमामा वैतागले होते. हेच मामा २९ जूनला, थोर संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या जयंतीला, त्यांच्या फोटोसमोर नारळ फोडायचे आणि "बंगाली बाबा पावणार" म्हणत सगळ्यांना खोबरं वाटायचे.

त्या डब्यानं माझी इज्जत घालवली होती. मे महिना, हाताला घाम, दाण्यांची शाई माझ्या तळव्यावर उतरली. मुठीत लाल दाणे जवळजवळ नाहीतच. माझं उत्तर खऱ्याच्या तिप्पट आलं. सरांनी दहापैकी चार दिले आणि समासात लिहिलं : "हात पुसा."

तर अशा गुरूचा शिष्य मांडवात सरळ माणसं मोजणार कसा?

मांडवाच्या दाराशी एक पोरगा पाहुण्यांना गंध लावून गुलाबाचं फूल देत होता. फुलं आणलेली १५०. फुलं संपली तसं गंधही थांबलं. म्हणजे खूण केलेली माणसं १५०. मला तर सरांचा डबाच समोर दिसायला लागला. तिसरी पंगत बसली, ती मोजली : १२०. मग वाढप्याच्या मागोमाग एकेकाचं कपाळ बघत फिरलो. एका आजीनं पदर पुढे ओढला. एकानं विचारलं, "काय हरवनं का भो?" गंधवाले निघाले १२. लग्नपत्रिकेच्या पाठीवर १५० ला १२० नं गुणलं, १२ नं भागलं आणि आप्पांच्या कानात सांगितलं, "दीड हजार."

कानात सांगितलेलं केटरिंगवाल्यानं ऐकलं. हा माणूस सकाळी मला पाणी विचारायला तयार नव्हता. आता त्यानं बर्फातली बाटली आणली, खुर्ची पुसली आणि म्हणाला, "साहेब, बसा. शिकलेल्या माणसाची गोष्टच वेगळी. आम्ही अडाणी, आम्ही नऊशेच धरत होतो. त्या पत्रिकेवर सही करा ना. खाली एम.एस्सी. लिहा."

"पाव्हना," आप्पा म्हणाले, "गावनी वस्ती बाराशे. त्यामा सव्वाशे लोक सुरतले. बाकीना काय जमीनमाईन निंघनात?"

"आप्पा, हा अंदाज आहे. त्यात चूक धरायची असते."

"कितली?"

मी पत्रिका उलटी धरून वर्गमूळ काढलं. "दोन्ही बाजूंना आठशे."

"म्हणजे?"

"म्हणजे सातशे ते तेवीसशे. यातला कुठलाही आकडा असू शकतो."

आप्पांनी जरा विचार केला. "म्हणजे मना सातशे बराबर."

"आणि माझे नऊशेपण बरोबर!" केटरिंगवाला.

"ते आम्हले पह्यलेच माहीत व्हतं," आप्पा म्हणाले. "इतलं शिकीसन तुम्ही सांगं काय, ते दोन्ही बराबर!"

मागच्या खुर्च्यांवरून कोणीतरी म्हणालं, "जवाई नमुना शे." दुसरा म्हणाला, "म्हनीसन कायम करेल नही का कालेजवालास्नी?" आणि मांडव हसला. नमुन्यावर मीही हसलो असतो, आमच्या विषयातलाच शब्द. दुसरं मात्र लागलं.

कारण ते खरं आहे. मी २३ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय. मांडवातल्या वाढप्याला संध्याकाळी हातावर पैसे मिळाले. माझं दिवाळीचं मानधन शिमग्याला येतं, आलं तर. सर निवृत्त झाले, त्यांची जागा भरली नाही. कपाट आहे, त्याची किल्ली कोणाकडे आहे ते कोणालाच माहीत नाही. चाळीसगावजवळच्या पाटणला एक शिलालेख आहे, इ.स. १२०७ चा. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या राजानं त्याला अनुदान दिलं, ते त्यावर कोरलंय. बाजारातल्या मालावरचा कर मठाला, आणि दर तेलघाण्यामागे पळी-पळी तेल. विभागाची सहल तिथे जायची तेव्हा आम्ही त्या शिलालेखासमोर छाती काढून फोटो काढून घ्यायचो. आता मला त्यातलं तेवढं तेलच आठवतं. गणित शिकवतो म्हणून आजच्या खानदेशातला कुठला घाणेवाला मला पळीभर शेंगदाणा तेल देईल? आणि मी ते "बास, बास" म्हणत घेईन, ताट मागे घेणार नाही.

लग्नाचा हिशेब शेवटी आठशेवर तुटला. कसा, ते मला सांगितलं नाही. माझी सही लागली नाही.

रात्री राहवेना म्हणून सरांना फोन लावला. सर आता धुळ्याला असतात, कानाला यंत्र लावतात, त्यामुळे सगळी गोष्ट दोनदा सांगावी लागली. दुसऱ्यांदा सांगताना ती जास्तच लाजिरवाणी वाटली.

"खूण कशाची?" सरांनी विचारलं.

"गंधाची."

"ओलं?"

"ओलं."

"४४ अंशांत?"

मी गप्प.

"निम्म्यांचं घामानं गेलं असणार," सर म्हणाले. "उरले ते आधी आलेले, म्हणजे आधीच जेवून निंबाखाली आडवे झालेले. तू त्यांना तिसऱ्या पंगतीत शोधतोयस. बारा सापडले हेच पुष्कळ. हात पुसले होतेस?"

"सर..."

"बरं, जेवणात काय होतं?"

"वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी."

"आणि तू जेवलास?"

"नाही सर. मोजण्यात शेवटची पंगत उठली. बट्टी संपली होती."

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, यंत्राची बॅटरी गेली.

"मग आठशेतून एक कमी कर," ते म्हणाले.