झोपण्याआधी वही नको, मोबाईल चालेल? हे खरं नाही

सध्या एक संदेश फिरतोय. त्यात म्हटलंय की रात्री झोपण्याआधी लिहिणं, चित्र काढणं, विणकाम असलं काही करू नये, मेंदू जागा होतो. दमलेल्या माणसाने पडल्या पडल्या फोनवर हलकंफुलकं काहीतरी बघावं, आपोआप झोप लागते. नाईट मोड लावला की काळजीच नाही. आणि छंद काय, ज्यांच्या हातात कला आहे त्यांनी करावेत! आमच्या घरच्या ग्रुपवर दोन्ही काकूंनी याला हात जोडले, तेव्हा गप्प बसवेना.

‘लिहिल्याने मेंदू जागा होतो.’ काय लिहितो त्यावर ते अवलंबून आहे. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या एका प्रयोगात ५७ तरुणांना झोपेच्या प्रयोगशाळेत निजण्याआधी पाच मिनिटं लिहायला दिलं होतं. काहींनी येत्या दिवसांत करायची कामं लिहिली, बाकीच्यांनी उरकलेली. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: करायची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी तपशीलवार, तितकी झोप लवकर. मला तरी हे लगेच पटलं. गॅसचा नंबर लावायचाय, मुलीची फी भरायचीय, हे विसरू या धास्तीनेच आपण ते रात्रभर घोळवत असतो. कागदावर उतरलं की ती राखण संपते.

संदेशात एक कण खरा आहे, तोही सांगते. मनाला खोल लागलेलं काही लिहून काढणं ही वेगळी गोष्ट. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ च्या अभ्यासात असं लिहिणाऱ्यांचं मन लिहून झाल्यावर लगेच जड झालं होतं. फायदा दिसला तो पुढच्या काही महिन्यांत, दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या तेव्हा. म्हणून असलं लेखन दिवेलागणीच्या सुमाराला करावं, उशीशी वही घेऊन नाही.

‘फोन बघता बघता झोप लागते.’ लागते, पण कधी? एक व्हिडिओ संपायच्या आत दुसरा सुरू होतो. थांबायची जागाच त्यात ठेवलेली नाही. माझी आजी रात्रीची जेवणं झाली की मांडीवर कापूस घेऊन वाती वळत बसायची. उद्याच्या पूजेपुरत्या वाती झाल्या की डबी बंद करून उठायची. तिच्या कामाला शेवट होता, हात एकाच लयीत चालायचे आणि बोलणं हळूहळू कमी होत जायचं. विणकामाची एक ओळ, चित्रातलं एक पान रंगवणं, तंबोऱ्यावर सा लावून बसणं, सगळ्यांत हेच आहे.

नाईट मोडचं थोडक्यात. ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने २०२१ मध्ये तरुणांवर हे तपासलं. पडदा पिवळसर करून फोन वापरणाऱ्यांची झोप, तो न करता वापरणाऱ्यांपेक्षा चांगली निघाली नाही. पडद्याचा रंग बदलला तरी त्यावरची भांडणं, बातम्या, ऑफिसचे निरोप तेच राहतात.

‘कला अंगात असावी लागते.’ या वाक्याचा मला सगळ्यात राग येतो. ड्रेक्सेल विद्यापीठात २०१६ साली ३९ प्रौढांना ४५ मिनिटं माती, रंग, कागद देऊन हवं ते करू दिलं. सुमारे तीन चतुर्थांश लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, कमी झालं. ज्यांना आधीचा सराव होता आणि ज्यांना नव्हता, त्यांच्यात फारसा फरक आढळला नाही. आणि आपल्याकडे जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवणाऱ्या बायकांना कधी कुणी विचारलं होतं, तुमच्या हातात कला आहे का म्हणून?

धाकट्या काकू, तुमचा अर्धा राहिलेला क्रोशाचा रुमाल कपाटात असेल. आज जेवणं आटोपली की तो काढा आणि फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. एक फेरी विणून झाली की ठेवून द्या.