ते काय, मशीनमध्ये होतं

सोसायटीच्या कोजागरीला तुम्ही माइक हातात घेतलात, दूध आटायच्या आत दोन गाणी म्हटलीत, आणि तेव्हापासून शेजारपाजारचे 'आता एखादं रेकॉर्ड कराच' म्हणून मागे लागले आहेत. म्हणणाऱ्यांच्या खिशाला तोशीस नसल्यामुळे आग्रह अगदी मनापासून आहे. मेहुण्यांनी शब्दही लिहून दिले. जास्वंद, दुर्वा, मोदक, उंदीर, सगळा माल त्यात आहे. ऑफिसातल्या एकाने चाल लावली. वॉर्डातले दादा येत्या निवडणुकीला उभे राहणार असल्यामुळे खर्च उचलायला तयार आहेत. अट इतकीच, की तिसऱ्या अंतऱ्यात त्यांचं नाव यावं. भक्ती, कला आणि भांडवल एका ठिकाणी आलं. राहता राहिला स्टुडिओ. त्याचं काही अवघड नाही. आम्ही सांगतो तसं करा.

बुकिंग लवकर करू नका. पुण्यात आषाढापासूनच मंडळांची गाणी, आरत्या, ढोलताशाच्या तालावरचे रिमिक्स यांनी स्टुडिओ भरायला लागतात. त्या गर्दीत उगाच कशाला? हरतालिकेच्या आधीच्या आठवड्यात फोन करा आणि 'फक्त एक गाणं आहे, पाच मिनिटांचं, म्हणजे पाच-दहा मिनिटांत होईल' असं सांगा. पलीकडे क्षणभर शांतता पसरेल. तो आदर समजा.

पैशाचं बोलताना 'तासाचे किती?' एवढंच विचारा आणि उत्तर येताच निम्मे सांगा. त्या पैशात रेकॉर्डिस्ट आहे की नुसती खोली, मिक्सिंग, म्हणजे सगळे आवाज मापात मिसळणं, धरलंय का, दुरुस्त्या किती वेळा करून मिळतील, प्रत्येक वाद्याचे आणि गळ्याचे ट्रॅक सुटे हातात देणार का, असल्या चिकित्सेत पडू नका. संबंध बिघडतात. ते नंतर बिघडवायला राखून ठेवावेत. आणि चार तासांची शिफ्ट दहाला सुरू होते म्हणजे मीटर दहाला पडतं, या गोष्टीकडे लक्ष न देता सव्वाअकराला पोचा. पार्किंग मिळत नव्हतं हे कारण पुण्यात सगळीकडे चालतं. एक तेवढं बिलात चालत नाही.

स्टुडिओ पारखायचा तो भिंतीवरच्या फोमवरून. काळे-लाल फोमचे तुकडे आणि निळे दिवे दिसले की समजावं, आवाज चांगला येणार. फोम खोलीतल्या आवाजाची चकाकी शोषतो, बाहेरचा आवाज अडवत नाही. त्याला जाड भिंती, दुहेरी दरवाजे, मधली हवेची पोकळी असं अवजड आणि फोटोत न दिसणारं काम लागतं. कोथरुडातल्या फ्लॅटमधल्या स्टुडिओत फोम असूनही वरच्या मजल्यावरचं ड्रिल मशीन तुमच्या ध्रुवपदात येऊन षड्ज लावेल. तरी आत शिरल्यावर टाळी वाजवून खोली कशी घुमते ते बघू नका. लोक म्हणतील, गाण्याआधीच स्वतःसाठी टाळ्या वाजवतोय.

आता पट्टी, म्हणजे तुमचा 'सा' पेटीच्या कुठल्या पट्टीवर धरायचा ते. हा विषय शक्य तितका शेवटपर्यंत काढू नका. गाण्यातली वाद्यं रचणाऱ्या अरेंजरचा 'पट्टी कुठली?' म्हणून फोन येईल, तेव्हा 'कुठलीही चालते हो आपल्याला' असं सांगा. या वाक्याने भल्याभल्या अरेंजरची झोप गेलेली आहे. तो बिचारा पुरुष गायक म्हणून काळी एक धरेल, बाई असतील तर काळी चार-पाच, त्यावर कीबोर्ड, बासरी, कोरस असं सगळं रचेल. धरलेल्या षड्जाला तबला लावून ठेका वाजेल आणि तबलजी आपले पैसे घेऊन पुढच्या स्टुडिओत जाईल. मग तुम्ही डबिंगला, म्हणजे तयार ट्रॅकवर गायला, उभे राहाल. मुखडा झकास जाईल, कारण मुखडा सगळ्यांचाच जातो. पट्टी बघायची असते अंतऱ्याच्या सर्वांत वरच्या सुरावर. तो सूर तार मध्यम, म्हणजे वरच्या सप्तकातला 'म', असल्याचं तुम्हाला तिथे पहिल्यांदा कळेल, आणि कळल्याचं तुमच्या मानेच्या शिरा इतरांना सांगतील.

तेव्हा शांतपणे म्हणायचं, 'जरा खाली घ्या ना ट्रॅक. मशीनमध्ये होतं ते.' होतं, थोडंसं होतं. कॉम्प्युटरात वाजलेला कीबोर्ड लगेच खाली येतो. प्रत्यक्ष वाजवलेली बासरी अर्धा-एक सूर सरकवली तर निभते, त्यापुढे ती बासरी राहत नाही. तबल्याचंही तेच, तीन पट्ट्या खाली ओढला की ओला झाल्यासारखा बोलतो. म्हणजे वादक पुन्हा बोलवायचे, बासरीवाल्याने दुसरी बासरी काढायची, तबलजीने दुसरा तबला आणायचा, आणि दोघांनी दुसऱ्यांदा पैसे घ्यायचे. दादांना हा खर्च 'तांत्रिक' या शीर्षाखाली सांगावा.

रियाज करायचाच असेल तर घरच्या तबलजीबरोबर करा, स्टुडिओत लय मोजून देणाऱ्या क्लिकबरोबर अजिबात नको. घरचा तबलजी संस्कारी असतो. तुम्ही घाई केलीत की तोही घाई करतो, तुम्ही सम चुकवलीत की तुम्ही जिथे आलात तिथे सम आणून ठेवतो, वर मान डोलावतो. हेडफोनमधल्या क्लिकला असले संस्कार नाहीत. ती खट् खट् करत सरळ निघून जाते आणि मागे वळून बघत नाही. वीस वर्षं आपण लयीत गात होतो की आपला तबलजी समजूतदार होता, हा प्रश्न मनात येऊ लागला तर पाणी प्या आणि 'क्लिक जरा मोठी करा' म्हणा. मग ती हेडफोनमधून गळून तुमच्या माइकमध्ये शिरेल आणि हळव्या ओळींच्या मागे खट् खट् कायमची राहील. तेही एक वाद्यच समजायचं.

पोशाखात तडजोड नको. बायकांनी पैठणी, हिरवा चुडा, झुमके. पुरुषांनी कडक स्टार्चचा कुर्ता, खिशात गाडीच्या किल्ल्या. स्टुडिओतला कंडेन्सर माइक ४८ व्होल्टवर चालतो आणि त्याला ऐकू येण्याचं व्यसन असतं. पदर सरकला, बांगडी बांगडीला लागली, कुर्त्याची बाही बरगडीला घासली, सगळं तो सारख्याच श्रद्धेने टिपतो. म्हणूनच गाताना एसी बंद करतात. मुहूर्त म्हणून संकष्टीचा दिवस धरलात तर फारच उत्तम: कडकडीत उपासात दुपारी एकच्या सुमारास पोटातून जो स्वर निघतो तो ऐन न्यासावर, ओळ जिथे विसावते तिथे, येतो, असा आमचा अनुभव आहे. मोबाईल खिशात चालूच ठेवा. सायलेंटवर असला तरी चालेल, थरथरतो.

आता मुख्य संकट, ज्याचा उच्चार कोणी करत नाही, कारण उच्चार हेच ते संकट. गणपतीच्या गाण्यात 'गणपती बाप्पा' हे शब्द येणारच, आणि त्यात एक 'प', एक 'ब' आणि वर जोड 'प्प' आहे. या प्रत्येक अक्षराला ओठांतून हवेचा झोत सुटतो आणि माइकच्या पडद्यावर धडकतो. ऐकणाऱ्याला वाटतं, मिरवणुकीतला ढोल फुटला. त्यासाठी मध्ये ती जाळीची चकती लावतात आणि वीतभर मागे, किंचित तिरकं उभं राहायला सांगतात. तुम्ही ऐकू नका. चकतीने फोटोत चेहरा झाकला जातो. ती बाजूला करा आणि ओठ टेकवून गा. फार जवळ गेल्यावर या माइकमध्ये खर्ज फुगतो आणि आपला आवाज भारदस्त वाटतो, हा फायदा वेगळाच. पुढच्या ओळीला मान मागे टाकलीत की तोच भारदस्त माणूस अचानक शेजारच्या खोलीत गेल्यासारखा ऐकू येतो, पण श्रोत्यांना हालचाल आवडते.

फोटो मात्र आधी काढून घ्या, आवाज ताजा असेपर्यंत. डोळे मिटलेले, एक हात हेडफोनवर, हेडफोनची एक वाटी कानामागे सरकवलेली. थोरामोठ्यांचे असे फोटो तुम्ही पाहिलेत. स्वतःचा मोकळा आवाज ऐकून सूर धरता यावा म्हणून ती मंडळी एक कान उघडा ठेवतात. तुम्ही कुठल्या कारणाने ठेवता हे फोटोवरून कळत नाही.

सोबत माणसं भरपूर न्या. मेहुणे हवेतच, शब्द त्यांचे आहेत आणि प्रत्येक टेकला ते एक शब्द बदलणार आहेत. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टच्या मागे सहा-सात जण बसवा. काचेपलीकडून गायकाच्या हेडफोनमध्ये बोलायचं टॉकबॅकचं बटण रेकॉर्डिस्टच्या हातात असलं तरी काकूंना ते दिसतं, आणि ऐन आलापात 'थर्मासमध्ये चहा आहे रे' ही सूचना थेट तुमच्या कानात पोचते. दादाही पाच मिनिटांसाठी येतील, पाऊण तास थांबतील, आणि आपलं नाव नीट ऐकू येत नाही म्हणतील.

आता गाणं. सलग म्हणायची गरज नाही. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान ग्रामोफोन कंपनीच्या भोंग्यासमोर उभी राहिली तेव्हा जेमतेम तीन मिनिटं हाताशी होती. तेवढ्यात राग मांडायचा, तान घ्यायची आणि शेवटी स्वतःचं नाव पुकारायचं. चुकलं तर मेणाची नवी तबकडी. पुढे सिनेमातही कित्येक वर्षं गायक आणि अख्खा वाद्यवृंद एकत्र वाजवायचे. शेवटच्या कडव्यात एखाद्या व्हायोलिनचा गज घसरला की सगळे पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्याकडे मशीन नव्हतं म्हणून त्यांना तयारी करून यावं लागे. बिचारे. तुम्ही ओळ ओळ म्हणा. ओळ जमेना तर अर्धी. 'मोरया'तला 'या' वेगळा घेऊन नंतर चिकटवला आहे, असं गाणं आम्ही ऐकलंय; त्या 'या'चा मूड 'मोर'पेक्षा बराच चांगला होता.

सूर लागत नसेल तर काळजी करू नका, ऑटोट्यून आहे. १९९७ साली हे सॉफ्टवेअर आलं. ते करणारे अँडी हिल्डेब्रँड त्याआधी तेलाच्या शोधासाठी जमिनीखालून परतणाऱ्या लहरींचा हिशोब लावत असत. म्हणजे मूळ विद्या खोल गाडलेलं काही सापडतं का ते पाहण्याची, तुमच्या गळ्याला योग्यच. फक्त त्या यंत्राची एक खोड आहे. तुम्ही जो सूर लावाल तो ते सर्वांत जवळच्या सुराला नेऊन चिकटवतं. सूर थोडा उतरला असेल तर उपकार होतात. तुम्ही कोमल आणि शुद्ध गंधाराच्या नेमके मधोमध उभे असाल, तर ते आपल्या मनाने एक निवडतं आणि भूपात, जिथे कोमल गंधार मुळात नसतोच, तो ठणठणीत सुरात लावून देतं. आधी चूक बेसूर होती, आता ती सुरेल झाली. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड घेतलीत तर तिच्या पायऱ्या करतं. रेकॉर्डिस्ट हाताने एकेक सूर सरळ करू शकतो, पण त्याचे तास वेगळे, आणि हे तुम्ही बुकिंगच्या वेळी विचारलेलं नाही, हे एक बरं.

मिक्स ऐकायला मोबाईलचा स्पीकर वापरा आणि 'बास कमी वाटतोय' असं कळवा. बासचा आवाज त्या चिमुकल्या स्पीकरमधून निघूच शकत नाही, पण अभिप्राय द्यायला ते आड येत नाही. घरातल्या प्रत्येकाला फाइल पाठवून मतं मागवा: मेहुणे म्हणतील शब्द वर घ्या, चाल लावणारा म्हणेल बासरी वर घ्या, दादा म्हणतील नाव वर घ्या. सगळंच वर घ्यायला लावा. 'बाकीच्यांपेक्षा मोठं वाजलं पाहिजे' ही मास्टरिंगबद्दलची, म्हणजे तयार गाण्यावरच्या शेवटच्या हातफेरीबद्दलची, एकमेव मागणी ठेवा. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं हे माप) पातळीवर आणतं. तुमचं चेपूनचापून फुगवलेलं गाणं तिथे गेलं की ते निमूटपणे खाली ओढतं, आणि शेजारचं मोकळं गाणं तुमच्यापेक्षा उठून वाजतं. त्याला पक्षपात म्हणा.

लेखी काही करू नका, घरचीच माणसं आहेत. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सहजासहजी लिहून घेता येत नाही, हे मेहुण्यांना ठाऊक नाही, आणि गाणं चाललं नाही तर कळायचं कारणही नाही. चाललं तर पुढची दिवाळी पाहा.

निघताना पेनड्राइव्ह पुढे करू नका. तीस ट्रॅकचं पाच मिनिटांचं गाणं सगळं मिळून सव्वा जीबीच्या आसपास, तेवढं स्टुडिओवाला जन्मभर सांभाळेलच. व्हॉट्सॲपवर आलेली एमपी३ पुरे. वर्षभराने, पुन्हा हरतालिकेच्या आधीच्या आठवड्यात, त्याला फोन करून सांगा की तिकीट यंदा दुसऱ्याला मिळालंय, तेव्हा तिसऱ्या अंतऱ्यातलं फक्त एक नाव बदलायचंय, पाच मिनिटांचं काम आहे. 'दादा'च्या जागी 'अण्णा' असेल तर चार मात्रांना चार मात्रा, बसतंय. 'भाऊ' असले तरी बसतंय. 'साहेब' असतील तर पाच मात्रा होतात. मग शिफ्ट धरावी लागेल.