जुनी गाडी बघून आपल्याला कळत नाही, हे खरं नाही

‘मीटर कमी, एका सेल्फमध्ये सुरू, बॉडी चकाचक, तर जुनी गाडी घेऊन टाका. आपण तपासून काही कळत नाही.’ हा सल्ला खूप फिरतो आहे. पहिल्यांदा गाडी घेणारे साठवलेले पैसे त्याच्या भरवशावर टाकतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

मीटर कमी? मीटर मागे घेता येतो, डिजिटलसुद्धा. पण गाडीच्या अंगावरची झीज लपवणं अवघड. पेडलचं रबर गुळगुळीत झालंय का, स्टिअरिंग हाताच्या जागी चकाकतंय का, ड्रायव्हर सीटची कड बसलीय का, ते बघा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलाय. मीटर वीस हजार दाखवतोय आणि टायर गाडीपेक्षा तीन वर्षांनी नवे, तर पहिले टायर इतक्यात का बदलले, हे विचारायलाच हवं.

एका सेल्फमध्ये सुरू होते, हा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो. गरम इंजिन बहुतेक वेळा सुरू होतंच. आधी सांगून ठेवा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. आणि गेल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर थांबा, इंजिन थंड होऊ द्या. किल्ली फिरवल्यावर इंजिनचा आणि एअरबॅगचा दिवा आधी लागून इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. लागलाच नाही, तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. इंजिन सुरू करताना धूर बघायला कोणाला तरी मागे उभं करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. थंडीत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ येते, ती चालते. पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, इंजिनच्या आत जाऊन जळत असण्याची शक्यता मोठी. गाडी बंद असताना ऑइलचं झाकण उघडून खालून बघा. दुधाळ, चिकट थर असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असल्याची शंका घ्या.

चकाचक बॉडी तर उलट जास्त बारकाईने बघावी, तीही दिवसाउजेडी. दोन्ही बाजूंच्या दारांच्या फटी सारख्या आहेत का? काचेच्या रबरावर रंगाचे शिंतोडे? बॉनेटच्या नट-बोल्टवरचा रंग उडालाय? फटी कमी-जास्त असल्या, शिंतोडे किंवा उडालेला रंग दिसला, तर पत्र्याचं काम किंवा नवा रंग झालेला असू शकतो. स्टेपनी काढून खालचा पत्रा बघा. सुरकुत्या असतील तर मागून धडक बसलेली असू शकते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चिखलाची रेघ दिसली, तर गाडी पुराच्या पाण्यात उभी असण्याची शक्यता मोठी.

गिअरबॉक्सच्या आतलं आपल्याला दिसत नाही, हे मान्य. त्यासाठी मेकॅनिक, स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारं यंत्र) आणि गाडी वर उचलायची सोय लागते. पण पाच गाड्यांपैकी तीन आपण अर्ध्या तासात बाद केल्या, तर मेकॅनिकला दोनच दाखवाव्या लागतात.