छपरं स्फोटात उडालेली नाहीत

इंग्लंडमध्ये डार्टमूरच्या पठारावर, पोस्टब्रिज गावाजवळ, पडक्या ग्रॅनाइटच्या इमारती आहेत. त्यांच्या फोटोखाली फिरणारा मजकूर असा: ‘इथे सैन्यासाठी तोफांची दारू बनायची. एका भीषण स्फोटात कारखाना उडाला, छपरं गेली, इमारतींचे तुकडे माळभर विखुरले.’ यातलं जवळजवळ सगळंच चूक आहे.

आधी सैन्याचं. प्लिमथच्या जॉर्ज फ्रीन यांनी १८४४ मध्ये हा कारखाना काढला तो आसपासच्या खाणींसाठी आणि दगडखाणींसाठी. इथली दारू जायची सुरुंगात.

छपरांचं म्हणणं तर अगदी उलटं आहे. भिंती जाडजूड दगडी आणि वर मुद्दामच हलकं छप्पर, अशी ही बांधणी. आत भडका उडालाच तर जोर वर निघून जावा, शेजारची खोली वाचावी, म्हणून. ती हलकी छपरं इतकी वर्षं ऊनपावसात कशी टिकतील?

इमारती विखुरल्या नाहीत, लांब लांब बांधल्या आहेत. एकीतली आग दुसरीला लागू नये हाच हेतू. एका घाण्याच्या इमारतीपाशी उभं राहून पाहा: दोन बाजूंना दोन खोल्या, मधे पाणचक्कीची खोल चर. चेरी ब्रूक ओढ्याचं पाणी पाटाने आणून चाकावर सोडायचे आणि त्या एका चाकावर दोन्ही खोल्यांतले घाणे फिरायचे. गडावरचा चुन्याचा घाणा ज्यांनी पाहिलाय त्यांना हे लगेच कळेल. फक्त इथे जड चाकांखाली सोरा, गंधक आणि कोळसा ओलसर ठेवून एकजीव करत. अख्खा कारखाना उडाला असता, तर दोन उंच धुराडी आजही उभी दिसली नसती.

स्फोट कधी झालेच नाहीत असं मी म्हणत नाही. झाले, कामगार मेलेही. पण कारखाना बंद पडला तो धंदा बसल्यामुळे. १८६७ मध्ये नोबेलने डायनामाइटचं पेटंट घेतलं, इकडे खाणीही उतरणीला लागल्या, आणि १८९० च्या दशकात इथलं काम थांबलं.

आणि वाटेवर जी बुटकी लोखंडी तोफ दिसते, तीही लढाईची नव्हे. तिच्यात ठरावीक दारू भरून ठरावीक वजनाचा गोळा उडवायचे, तो किती लांब पडला ते मोजायचे, आणि त्यावरून त्या घाण्याचा माल ठीक की कमजोर हे ठरायचं.