विहिरीचा दोर कोणाच्या हातात? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

काका, नमस्कार. वयाची सत्तरी ओलांडल्याचं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणते. राग नसावा.

चॅलेंज व्हिडिओ, म्हणजे कसलीतरी अचाट पैज पुरी करून दाखवतात ते, दहा वर्षांखालच्या मुलांना अजिबात नकोत, असं मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही चांगलंच झापलंत. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात देते. गोव्यात शिवोलीला तुमचं बालपण सांजांवाला (सेंट जॉनच्या सणाला) विहिरीत उड्या टाकण्यात आणि माडावर चढण्यात गेलं, आजच्या आया मात्र पोरांना कापसात गुंडाळून ठेवतात. दुसरं, ज्या मिस्टर बीस्टला, त्या अमेरिकन यूट्यूबरला, मी नावं ठेवली तो झाडं लावतो, आंधळ्यांना दृष्टी देतो. आणि तिसरं, दर दोन वर्षांनी एक नवा बागुलबुवा येतो. ब्लू व्हेल झाला (पोरांना जीव द्यायला लावतो म्हणत तो ऑनलाइन खेळ), मोमो झाली (फोनवरून पोरांना घाबरवते म्हणत तो भेसूर चेहरा), आता हे. शिवाय माझ्या वयाच्या अटीलाही टोला हाणलात.

तिसऱ्यापासून सुरू करते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. २०१७ च्या पावसात ब्लू व्हेलचा तो मेसेज मीसुद्धा तीन ग्रुपांवर ढकलला होता. पुढे जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारनेच लोकसभेत सांगितलं की तपासलेल्या एकाही मृत्यूचा त्या खेळाशी संबंध सिद्ध झालेला नाही. मोमो तर मुळात जपानमधल्या एका शिल्पाचा फोटो. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. शाळेतून सावधगिरीची चिठ्ठी आली, तीत मोमोचं नाव ठळक अक्षरांत. संध्याकाळी तिने विचारलं, "आई, मोमो म्हणजे काय गं? खायचा तो नव्हे ना?" तोवर तिला ठाऊकही नव्हतं. रात्रीपर्यंत वाड्यावरच्या सगळ्या पोरांनी तो चेहरा शोधून बघितला होता. तेव्हापासून मी चॅलेंजचं नाव घेऊन मुलांना तंबी देत नाही.

आता विहीर. काका, माझं आजोळही तुमच्याच बार्देश तालुक्यातलं. २४ जूनला डोक्यावर पानाफुलांचं कोपेल घालून "व्हिव सांजांव" ओरडत फिरणारी टोळी मी पाहिली आहे, आणि आमची हिंदूंची पोरंही त्यांच्यामागून पळायची. पण त्या दिवशी विहिरीवर काय काय व्हायचं ते आठवून बघा. मामाच्या वाड्यावर आदल्या दिवशी कळशी आणि कप्पी काढून ठेवत. दोराला दगड बांधून पाणी किती चढलंय ते बघत. कठड्यावर एक म्हातारा बसायचा, तोंडात विडी, आणि पहिला वर आल्याशिवाय दुसऱ्याला तो उडी घेऊ द्यायचा नाही. प्यालेल्याला हात धरून बाजूला करायचा. आम्हाला आठवते ती उडी. म्हातारा आठवत नाही, कारण त्याच्याकडे बघायला आम्हाला सवडच नव्हती.

चॅलेंजच्या व्हिडिओतून नेमका तो म्हातारा कापलेला असतो.

मिस्टर बीस्टचंच घ्या. २०२३ मध्ये तो सात दिवस जमिनीखाली पेटीत राहिला. सात दिवसांची मिनिटं होतात १० हजार ८०, आणि व्हिडिओ वीसेक मिनिटांचा. म्हणजे पाचशे मिनिटांतलं एक आपल्यासमोर येतं. वर त्याची माणसं होती, बोलायची सोय होती, आत अन्नपाणी होतं. हे तो लपवत नाही, दाखवतोही. पण नऊ वर्षांच्या मुलाच्या डोक्यात त्यातलं काय उरतं? "पुरून घेतलं, बाहेर आला, भारी."

तुम्ही म्हणाल, आपल्याकडेही सत्तरीत (तालुका हो, वय नव्हे) झर्म्याच्या चोरोत्सवात माणसांना मातीत पुरतातच की. पुरतात. पण तिथे आजूबाजूला सगळा गाव उभा असतो, आणि कोणी बघून दुसऱ्या दिवशी परसात खड्डा खणत नाही.

आमच्याकडे खणला. गेल्या डिसेंबरात मोरजीच्या किनाऱ्यावर गेलो होतो. मोठी माणसं शहाळी घेत होती. माझा मुलगा आणि त्याचा बारा वर्षांचा मावसभाऊ जरा लांब खेळत होते. उठून बघते तर पोरांनी कमरेइतका खड्डा खणलेला, माझं ध्यान त्यात आडवं, गळ्यापर्यंत ओली वाळू थापलेली, आणि वर मावसभाऊ फोन धरून हिंदी डबिंगच्या आवाजात सांगतोय, "पहला दिन!" चार मिनिटं झाली होती. माझ्या आधी जीवरक्षक शिट्टी फुंकत पोचला. त्याने फावड्याला हात लावला नाही, गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी छातीवरची वाळू उपसली. मला म्हणाला, "रेंव जड आसता गो बाय." वाळू जड असते. मग खड्ड्याची कड दाखवली, तिला भेग गेली होती. वाळूचा खड्डा ढासळला की क्षणात भरतो आणि माणसांना हातांनी उपसून पोचायला वेळ लागतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. रात्री अंथरुणात मुलगा सांगत होता, "आई, श्वास सोडला ना, की परत घ्यायला जागाच उरत नव्हती."

त्याने भीती वाटल्याचं कबूल केलं नाही. ते व्हिडिओतही कोणी फारसं करत नाही.

मागच्या लेखात हा प्रसंग मी लिहिला नाही, कारण लाज वाटली. तो लिहिला असता तर कदाचित तुम्ही इतके चिडला नसता.

झाडांबद्दल. २०१९ मध्ये मिस्टर बीस्टच्या मोहिमेतून २ कोटी झाडांसाठी २ कोटी डॉलर जमले, २०२३ मध्ये हजार जणांची डोळ्यांची ऑपरेशनं झाली. हे खरं आहे आणि चांगलं आहे. पण देवळाला देणगी देणाऱ्याच्या दुकानातला माल आपण चाखूनच घेतो ना? तसंच. आणि गंमत सांगू, या सगळ्यांत मला मिस्टर बीस्टची भीती सर्वांत कमी वाटते. हेलिकॉप्टर, रिकामं शहर, लाखो डॉलर, यातलं काही माझ्या मुलाच्या हाती लागणार नाही. खरी धास्ती त्याच्यानंतर आपोआप लागणाऱ्या व्हिडिओची. कुठल्यातरी पोराने घराच्या गच्चीवर काढलेला, ज्याला सामान म्हणून एक ओढणी, एक मिरची नाहीतर जिना एवढंच लागतं. व्हिडिओ किती अचाट आहे यावरून मी ठरवत नाही. त्याचं सामान आमच्या स्वयंपाकघरात आहे का, हे आधी बघते.

मिरचीचं म्हणते ते उगाच नव्हे. अमेरिकेत एकच अतितिखट चिप खायचं चॅलेंज होतं, कॅरोलिना रीपर मिरचीचं. त्या मिरचीचा तिखटपणा १६ लाख स्कोव्हिलच्या (तिखटपणा मोजायचं माप) पुढे भरला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये ती चिप खाऊन मॅसॅच्युसेट्समधला १४ वर्षांचा मुलगा गेला. पाकिटावर मुलांसाठी नाही असं छापलेलं होतं. शवविच्छेदनात त्याचं हृदय मोठं झालेलं आणि हृदयाच्या रक्तवाहिनीत जन्मजात दोष निघाला. शेकडो लोकांनी तीच चिप खाऊन, नाक-डोळे गाळून, हसत व्हिडिओ टाकले होते. हरमलची मिरची चावून दाखवणारी पोरं आपल्याही वर्गात असायची, आणि पाणी पिऊन बरी व्हायची. कोणाच्या छातीत काय दडलंय ते मात्र कोणालाच माहीत नसायचं.

वयाबद्दलचा तुमचा टोला मात्र मी मुकाट्याने घेते. "दहा वर्षांखाली अजिबात नको" असं मी लिहिलं होतं, ते चुकलं. मोरजीला खड्डा खणणारा बारा वर्षांचा होता, आणि माझी मुलगी नऊ वर्षांची असताना असले व्हिडिओ बघून "यांना शी लागली तर?" एवढंच विचारायची. तिला मी खुशाल बघू दिले असते. आता वयाऐवजी बघून झाल्यावर मूल काय करतं ते बघते. हसून सायकल काढली, ठीक. पण पंगतीत "शेवटपर्यंत पाणी न पिणारा जिंकला" असली पैज लावायला लागलं, की त्या आठवड्यात आमच्याकडे तो प्रकार बंद. ओरडत नाही, फक्त बंद.

यूट्यूबच्या सोयींचं एक-दोन वाक्यांत. स्वतःचं खातं १३ वर्षांनंतर. त्याआधी पालकांच्या देखरेखीखालचं खातं मिळतं, त्यात सर्वांत सौम्य पायरी साधारण ९ वर्षांपुढची आहे. ती लावा, आणि आपोआप पुढचा व्हिडिओ लागतो ते बंद करा. जिवाला धोका होईल अशी चॅलेंज चालणार नाहीत, हे यूट्यूबने जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा खडसावून सांगितलं आहे. पण आजोबांच्या फोनवर यातलं काहीच लावलेलं नसतं, काका. तुमचा नातू तुमच्या फोनवर बघतो असं तुम्हीच लिहिलंय.

तर एकदा त्याच्याशेजारी बसा. उपदेश नको. मध्येच थांबवून एवढंच विचारा, "कॅमेरा कोणी धरलाय रे?" माझा मुलगा आधी वैतागला, मग त्याला तो खेळच झाला. आता तोच मला दाखवतो: "आई, बघ, सावलीत एक माणूस दिसतो. दोरी त्याच्याकडे आहे." परवा तर एका व्हिडिओत सावलीतही कोणी नव्हतं, तेव्हा तो गप्प झाला आणि थोड्या वेळाने स्वतःच पुढचा लावला. मी काही बोलले नाही. बोलले असते तर बिघडलं असतं, असं मला वाटतं.

शेवटी तुम्ही खोचक प्रश्न टाकलाय, यंदा सांजांवाला मुलाला विहिरीत उडी घेऊ देणार की नाही. मे महिनाभर तो तळ्यावर पोहायला जात होता, आता बऱ्यापैकी तरंगतो. मामाच्या वाड्यावरचा तो म्हातारा आता नाही. कठड्यावर मामा बसणार आहे, विडीशिवाय, कारण मामीने सोडायला लावली. कोपेल मुलगी करते आहे. तुम्ही जवळच असाल तर या.