अर्ध्या ओहमचे कौतुक आता पुरे

१०० नॅनोअँपिअरचा स्थिर प्रवाह १ किलोहर्ट्झने उलटसुलट करण्यासाठी चार स्विचची जोडणी करायची होती, म्हणून काल मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या एका दुकानात स्विचच्या आयसीचा (चिपचा) नेमका क्रमांक लिहिलेली चिठ्ठी दिली. दुकानदाराने ती धड न वाचताच दुसरीच आयसी पुढे सरकवली आणि वर ऐकवले, "सेम है साहब, पिन टू पिन. और इसका रेझिस्टन्स तो कम है!" पाय जुळले की गुणही जुळले, हे या बाजाराने कधी ठरवले?

कमी रेझिस्टन्स! प्रवाहस्रोताच्या वाटेत शंभर ओहम आले तरी १०० नॅनोअँपिअरला त्यावर जेमतेम १० मायक्रोव्होल्ट पडतात आणि स्रोत ते निमूटपणे भरून काढतो, कारण त्याचे कामच ते आहे. उलट रेझिस्टन्स उतरवायचा तर आतला ट्रान्झिस्टर मोठा करावा लागतो, आणि तो मोठा झाला की गळती (बंद स्विचमधूनही झिरपणारा प्रवाह), कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) आणि चार्ज इंजेक्शन (उघडझाप होताना स्विच वाटेत ढकलतो तो विद्युतभार) ही तिन्ही दुखणी त्याच्याबरोबर वाढतात. त्या आयसीच्या डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) चार्ज इंजेक्शन १० पिकोकुलोंब लिहिले होते. हा विद्युतभार दर पलटीला एकाच दिशेने गेला, तर सेकंदाला २००० पलट्यांचे सरासरी २० नॅनोअँपिअर होतात. शंभरातले वीस नॅनोअँपिअर स्विचच खाणार असेल, तर मी मोजायचे तरी काय? हे काउंटरवर सांगू लागलो, तेव्हा मागच्या गिऱ्हाईकाने एलईडीची पट्टी मागितली आणि माझे व्याख्यान तिथेच संपले.

डेटाशीट लिहिणारेही काही कमी नाहीत. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत अर्धा ओहम रेझिस्टन्स. गळती मात्र आतल्या कोष्टकात, तीही ‘टिपिकल’ रकान्यात काही पिकोअँपिअर आणि ‘मॅक्झिमम’ रकान्यात त्याच्या कित्येक पट. सीडी४०६६ या स्विच आयसीच्या बाबतीत ही कमाल मर्यादा १०० नॅनोअँपिअर आहे, म्हणजे माझा अख्खा स्रोतच! तापमान १० अंशांनी चढले की गळती साधारण दुप्पट होते, हे तर गृहीतच धरायचे. एका सहकाऱ्याने मागे मोठ्या आत्मविश्वासाने २एन७००० हा सुटा ट्रान्झिस्टर सुचवला होता. त्याची बंद अवस्थेतली गळती कमाल १ मायक्रोअँपिअर, शिवाय आतला डायोड एका दिशेने सताड उघडा. त्या सहकाऱ्याला प्रत्यावर्ती प्रवाह (एसी) म्हणजे काय हेच माहीत नसावे, अशी मला आजही शंका आहे.

घरच्यांचे म्हणणे असे की, विरार लोकलमध्ये रोज कोपरे खाऊनही ज्याच्या तोंडून शब्द निघत नाही, त्याने दहा पिकोकुलोंबांवरून जेवणाच्या ताटावर आवाज चढवू नये. यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून मी आवाज आणखी चढवला.

रीड रिले (चुंबकाने चालणारा यांत्रिक स्विच) वापरा, असेही सल्ले येतात. त्याची गळती नगण्य असते हे कबूल. पण यांत्रिक पत्ती १ किलोहर्ट्झने अहोरात्र किती दिवस फडफडेल, याचा हिशेब सल्ला देणाऱ्याने कधी केलेला नसतो. शेवटी १ पिकोकुलोंबाहून कमी चार्ज इंजेक्शन असलेला एडीजी१२१२ बाहेरून मागवला आहे. वाहतूक खर्च आयसीच्या किमतीहून जास्त पडला, आणि त्या दुकानदाराची ‘सेम’ आयसी परत घेतली जात नाही, असे बिलावरच छापलेले आहे.