वेबिल जुळेना

एस.टी.त मी ३४ वर्षं वाहक होतो, चोपडा आगाराला. विनातिकीट माणूस मी बसण्यावरून ओळखायचो. तिकीट काढलेला खिडकीतून बाहेर बघतो. न काढलेल्याला झोप येते, आणि तीही नेमकी वाहक जवळ आला की. या विद्येचा मला भारी अभिमान. आता वयाच्या ७३व्या वर्षी रोज रात्री आठला पुण्याहून लेक व्हिडिओ कॉल लावते. "आप्पा, ताट दाखवा," म्हणते. पेन्शनवाल्याला हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यावा लागतो. मला रोज.

सुरुवात पट्ट्यापासून झाली. बायको गेली त्याला तीन वर्षं झाली. पहिल्या वर्षी पट्ट्याला खिळ्याने एक भोक वाढवलं, दुसऱ्या वर्षी आणखी एक. पट्टा जुना, ढिला झाला असेल, अशी मी समजूत घातली. दवाखान्यातल्या काट्यावर उभा राहिलो तेव्हा ६१ किलोचा माणूस ५४वर आलेला! गल्लीत मात्र कौतुक चाललेलं, "आप्पा, तब्येत काय मेंटेन केलीय!" पोट सुटलेली माणसं मला खुराक विचारायची.

खुराक काय सांगू? सकाळी चहा-टोस्ट. दुपारी वरण-भात. संध्याकाळी त्याच वरणाला पाणी घालून केलेलं नवीन वरण, आणि त्याचाही कंटाळा आला तर परत चहा-टोस्ट. एका जिवासाठी भाकरी थापायची म्हणजे एका पॅसेंजरसाठी गाडी सोडण्यासारखं. डिझेल परवडत नाही. शिवाय ती तव्यावरून पहिली भाकरी उतरवून हाक मारायची, तेव्हा मला भूक लागायची. आता हाक नाही, त्यामुळे भूकही थांब्यावर उभी राहिनाशी झाली.

त्यात आपल्याकडे म्हातारपणाचं आणि उपासाचं लग्न कोणी लावून दिलंय कोण जाणे. जो येतो तो माझ्या ताटातून काहीतरी उचलून जातो. साडू म्हणाला, तेल बंद. शाळूसोबती म्हणाला, भात बंद. देवळातल्या मंडळींनी रात्रीचं जेवणच रद्द केलं. एकाने केळं बंद सांगितलं. केळं! जळगाव जिल्ह्यात! ज्या केळ्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचे भरलेले ट्रक डोळ्यांसमोरून जातात आणि आम्ही ओट्यावर बसून ते मोजायचे.

डॉक्टरांनी कागद ओढला. म्हणाले, वय वाढलं की इंधन थोडं कमी लागतं हे खरं, पण प्रथिनं कमी करून चालत नाही; स्नायू आधीच झिजत असतात, त्यामुळे वजनाच्या किलोमागे निदान १ ग्रॅम तरी पोटात जायला हवं. ५४ किलोला ५४ ग्रॅम. "काल काय काय खाल्लं?" मी सांगत गेलो, ते मांडत गेले. चहातलं दूध, चार टोस्ट, पातळ वरण, मूठभर भात. बेरीज पंचविशीच्या आतच थांबली. नोकरीत माझं वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, एका रुपयाने कमी भरलं नाही कधी, आणि इथे निम्मी कॅश गायब! तहानेचीही तीच गत. उतारवयात शरीराला पाणी हवं असतं, पण तहान घंटी मारत नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ला टेकतो आणि मी फुशारकीने सांगत होतो, "मला पाणी लागतच नाही." साखरेसाठीची मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षं चालू असली की बी-१२ उतरू शकतं, म्हणून रक्तही काढून घेतलं. माझ्याकडे तेवढंच शिल्लक होतं.

लेकीने ताबडतोब प्रोटीन पावडरचा डबा धाडला. मी ती जिऱ्याच्या फोडणीच्या ताकात घालून बघितली. पावडर व्हॅनिलाची होती. त्या डब्यात आता शेंगदाणे आहेत. मग मेसचा डबा लावला, तो तीन दिवस टिकला. चौथ्या दिवसापासून लेकीचा हुकूम निघाला: रोज ताटाचा फोटो.

इथे ३४ वर्षांच्या अनुभवाने माझी मती फिरवली. ज्याने आयुष्यभर चोर पकडले, त्याला चोरीची पद्धत शिकवावी लागत नाही. शेजारच्या भाऊंकडे साडेसातला ताट वाढलं जातं. कळण्याची भाकरी, उडदाचं घुटं, वांग्याचं भरीत, कांद्याची पात, मिरचीचा ठेचा आणि भाकरीवर ओतलेलं शेंगदाण्याचं तेल. मी चष्मा पुसत पुसत आत शिरायचो, ताटाचा फोटो काढायचो आणि घरी येऊन टोस्ट बुडवायचो. बारा दिवस भाऊंचं जेवण माझ्यामुळे निवलं. लेक खूश. "आप्पा, भरीत एक नंबर दिसतंय!" मी लिहायचो, "जरा तिखट झालं."

तेराव्या रात्री तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला. भांड्यांवर नावं घालायची आपली जुनी सवय, गंधमुक्तीच्या म्हणजे दिवसकार्याच्या भांड्यांवरही. ताटाच्या काठावर ठिपक्याठिपक्यांची अक्षरं होती. अर्धं नाव भाकरीखाली झाकलेलं. उरलेलं असं दिसत होतं: "कै.... आप्पा यांच्या गंधमुक्तीनिमित्त".

माझा फोन चार्जिंगला होता, आवाज बंद. तिने रडतच भाऊंच्या घरी वहिनींना फोन लावला. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "आप्पा? आतेच तं यासना ताटना फोटू काढी ग्यात."

दुसऱ्या दिवशी माझी खातेनिहाय चौकशी झाली. वहिनींनी निकाल दिला: भाकऱ्या त्यांच्याकडून, घुटं मी रांधायचं, आणि रोज एक केळं, कोणी काही म्हणो. कळणा म्हणजे ज्वारीत उडीद. धान्यात ज्याची तूट असते ते डाळ भरून काढते, असं डॉक्टर म्हणाले. आमच्या आज्यांनी ते न मोजता जात्यात घातलं होतं. भाकरीला मी घाबरत होतो ते कवळीमुळे. वजन उतरलं तशी तीही ढिली झालेली, चावताना एकीकडे मी आणि एकीकडे ती. वहिनींनी युक्ती दाखवली. गरम भाकरी हाताने चुरायची, मधे खड्डा करायचा, त्यात घुटं ओतायचं आणि पाच मिनिटं हात लावायचा नाही. भाकरी फुगते, मऊ होते. ती पाच मिनिटं मात्र कठीण जातात. लसणाचा वास येत असतो. परवा पट्टा एक भोक मागे आला.

आता आठला फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवतो. काल चुरा संपवला, वाटी उलटी करून कॅमेऱ्याला दाखवली. लेकीने मान डोलावली. मी सहज विचारलं, "तू जेवलीस का गं?"

"हो, केव्हाच," ती म्हणाली आणि तोंडावर हात धरून मोठी जांभई दिली. "जाम झोप आलीय, आप्पा."

मी पुढे सरकलो. चष्मा नीट केला.

"ताट दाखव."